सीसीआरसीचा रिव्ह्यू : लॉबी सोडा, मागची बिल्डिंग बघा

आधीच सांगतो, जागेचं नाव देणार नाही, कारण आम्ही अजून तिथेच राहतोय आणि इथल्या डायरेक्टरला मराठी येत नसलं तरी त्याच्या फोनला येतं. नापास केलेल्या जागांचीही नावं देत नाही. पण अमेरिकेत आपल्या वयाची बरीच मंडळी आता अशा रिटायरमेंट कम्युनिटीत जायच्या विचारात आहेत, घर मोठं झालंय, मुलं दुसऱ्या कोस्टवर, जिना नकोसा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीसीआरसी, म्हणजे कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी, म्हणजे एकाच कॅम्पसवर सगळं, आधी स्वतंत्र अपार्टमेंट, मग लागलंच तर असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांत मदत), मेमरी केअर (डिमेन्शिया झालेल्यांसाठी) आणि शेवटी नर्सिंग. २०१५ पासून ह्या जागांनी लाइफ प्लॅन कम्युनिटी असं नवीन नाव घेतलंय, ब्रोशरमध्ये तेच दिसेल, गोष्ट तीच. आत शिरताना एकरकमी एंट्रन्स फी, ती कुठे लाख डॉलर तर कुठे दहा लाखांच्याही वर, आणि शिवाय दर महिन्याची फी. म्हणजे राहतं घर विकून बहुतेकांचा पैसा इथेच येतो, आणि घेतलेला निर्णय फिरवणं फार महाग पडतं.

आता टूर. सगळ्या टूर सारख्याच असतात बघा. लॉबीत पियानो, मग स्विमिंग पूल, मग वुडशॉप, मग मॉडेल अपार्टमेंट ज्यात कुणी राहत नाही आणि म्हणून ते सुंदर दिसतं. नर्सिंग विंगकडे न्यायला सांगितलं की मार्केटिंगवाल्या बाई म्हणतात हो हो शेवटी बघू, आणि शेवटी जेवणाची वेळ होते. मी आणि बायकोने ठरवूनच टाकलं होतं की मागची बिल्डिंग आधी, तीसुद्धा रविवारी दुपारी, जेव्हा ऑफिसचा स्टाफ नसतो. एका फार नावाजलेल्या ठिकाणी कॉरिडॉरमध्ये एका खोलीच्या दारावरचा कॉल लाइट (मदतीसाठी बटण दाबलं की लागतो तो) लुकलुकत होता, आम्ही तिथेच खुर्चीवर बसून राहिलो, आतून एक आजी बारीक आवाजात हॅलो हॅलो करत होत्या, एक एड, म्हणजे नर्सिंगची मदतनीस, समोरून ट्रे घेऊन गेली, दुसरी फोनवर बोलत गेली, दिवा तसाच. भिंतीवर अॅक्टिव्हिटी कॅलेंडर होतं ते गेल्या महिन्याचं. पुढच्या लॉबीत मात्र ताज्या ऑर्किड. ही म्हणाली चल, बघून झालं.

आम्ही निवडली त्या जागी नर्सिंग विंग जुनी आहे, खोल्या लहान आहेत, कार्पेटचा रंग भयानक आहे, पण दिवा लागला की माणूस येतो. एडला विचारलं किती वर्षं आहात, ती म्हणाली अकरा, तिच्या शेजारची म्हणाली सात. माझ्या मते ह्याच्यापुढे स्विमिंग पूल काहीच नाही, कारण पूल दोन-चार वर्षं वापराल आणि ह्या बायकांच्या हातात आपलं शेवटचं सगळं असणार. मेडिकेअरच्या (म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) केअर कंपेअर साइटवर नर्सिंग होमची पाच स्टारची रेटिंग मिळते, त्यात इन्स्पेक्शन, स्टाफिंग आणि क्वालिटी असे वेगवेगळे स्टार असतात. एकूण स्टारवर जाऊ नका, स्टाफिंगचा आकडा उघडा आणि वीकेंडचा वेगळा दिलेला असतो तोही बघा. असिस्टेड लिव्हिंगला मात्र असे फेडरल स्टार नाहीत, ते राज्याच्या ताब्यात, त्यामुळे तिथे राज्याच्या साइटवर इन्स्पेक्शन रिपोर्ट शोधावे लागतात.

काँट्रॅक्टवर आमच्या घरात सगळ्यात जास्त वादावादी झाली. मुख्य प्रकार तीन. टाइप ए म्हणजे आत्ता जास्त भरा, पुढे नर्सिंगला गेलात तरी महिन्याची फी साधारण तीच राहते, फक्त दरवर्षीची वाढ आणि जास्तीच्या जेवणांचे पैसे. टाइप बी म्हणजे नर्सिंगचे काही दिवस फुकट किंवा सवलतीत, मग मार्केट रेट. टाइप सी म्हणजे आत्ता कमी, पण नर्सिंग लागलं की पूर्ण बाजारभावाने. जेनवर्थ ह्या विमा कंपनीच्या सर्व्हेत २०२४ साली नर्सिंग होमच्या प्रायव्हेट रूमचा देशभराचा मधला आकडा वर्षाला १,२७,७५० डॉलर आहे, म्हणजे महिन्याला साडेदहा हजारांच्या वर. आता समजा दोघं राहताय, अपार्टमेंटची फी पाच हजार आहे आणि एकाला नर्सिंगला जावं लागलं. टाइप सी असेल तर दुसऱ्यासाठी अपार्टमेंट सुटत नाही, म्हणजे दोन्ही मिळून पंधरा हजारांच्या पुढे, दर महिन्याला. जोडप्यांनी हा हिशोब सगळ्यात आधी करावा, ब्रोशरमध्ये तो कुठेच नसतो. टाइप बी मध्ये ते फुकट दिवस माणशी आहेत की दोघांत मिळून, वर्षाला आहेत की जन्मात एकदाच, हे लेखी विचारा. एका जागी विचारल्यावर कळलं जन्मात एकदाच, आणि बाईंचा आवाज जरा खाली आला.

आम्ही ए घेतला. हिच्या आईचं डिमेन्शियाचं आजारपण फार वर्षं चाललं, ते बघितल्यावर सी वर जुगार खेळायची हिंमत नव्हती.

मग रिफंड. हिला नव्वद टक्के रिफंडवालं हवं होतं, मुलांना काहीतरी राहावं म्हणून. पण नव्वद टक्केवाल्याची एंट्रन्स फीच भरपूर जास्त असते आणि तो पैसा त्यांच्याकडे बिनव्याजी पडून राहतो. दुसरा प्रकार उतरत्या रिफंडचा, बऱ्याच ठिकाणी महिन्याला दोन टक्के कमी होत जातो, म्हणजे वीस महिन्यांनी चाळीस टक्के गेले आणि चार-सव्वाचार वर्षांनी शून्य. आम्ही तो घेतला, मुलांनी आपापली घरं घेतलीयेत. आणि नव्वद टक्के मिळणार कधी हे विचारलंत का? बऱ्याच काँट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं की तुमचं अपार्टमेंट पुन्हा विकलं गेलं की. पुढचा माणूस आला नाही तर तुमचे वारस वाट बघत बसणार. लाँग आयलंडवर पोर्ट वॉशिंग्टनला हार्बरसाइड म्हणून जागा आहे, तिने २०१४, २०२१ आणि २०२३ असं तीनदा बँकरप्सी कोर्ट गाठलं. अशा वेळी एंट्रन्स फीचा रिफंड हे साधारणपणे बिनतारणाचं देणं धरतात, आधी बाँडवाले, म्हणजे ज्यांनी जागेला कर्ज दिलंय ते, मग तुम्ही.

म्हणून हिशोब बघायचेच. घाबरू नका, सीपीए (म्हणजे इथला सीए) असायची गरज नाही. ह्या जागा बहुतेक नॉन-प्रॉफिट आणि बऱ्याच जणांनी म्युनिसिपल बाँडमधून कर्ज काढलेलं, त्यामुळे त्यांचे ऑडिट केलेले हिशोब एम्मा नावाच्या साइटवर फुकट वाचता येतात. मी तीन गोष्टी बघितल्या, किती दिवस पुरेल एवढी रोकड हातात आहे, किती टक्के अपार्टमेंट भरलीयेत, आणि गेल्या दहा वर्षांत मंथली फी दरवर्षी कितीने वाढली. तिसरी त्यांच्याकडूनच मागावी लागते. एका ठिकाणी सीएफओला, म्हणजे पैशांचा कारभार बघणाऱ्याला, भेटायचंय म्हटल्यावर तीन ईमेलनंतर उत्तर आलं की आम्ही अशी सोय करत नाही. इथे सीएफओ स्वतः आला, कागद पुढे ठेवला, २०२२-२३ मधली वाढ लपवली नाही, का झाली तेही सांगितलं. सीसीआरसीसाठी एकच असा देशभराचा कायदा नाही हेही लक्षात ठेवा, राज्याराज्यात वेगळं खातं बघतं, टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात इन्शुरन्स खातं, कॅलिफोर्नियात सोशल सर्व्हिसेस, न्यू जर्सीत कम्युनिटी अफेअर्स, आणि काही राज्यांत जवळजवळ कुणीच नाही.

आणि उशीर करू नका. लोकांना वाटतं तब्येत बिघडली की जाऊ, पण तेव्हा टाइप ए देतच नाहीत. आत यायला मेडिकल रेकॉर्ड लागतात आणि एक नर्स समोर बसून परीक्षा घेते. मला शब्द लक्षात ठेवायला दिले आणि कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली, जन्मभर इंजिनियरिंग ड्रॉइंग केलेला माणूस, हात थरथरत होता. ओळखीतल्या एकांना पार्किन्सन्सचं निदान झाल्यावर ए नाकारला, सी देऊ म्हणाले.

बरं, मेडिकेअर आहे ना मग कशाला, असं म्हणणारे अजून भेटतात. मेडिकेअर दीर्घकाळची देखभाल देत नाही हो. हॉस्पिटलात तीन दिवस इनपेशंट राहिलात तर पुढे स्किल्ड नर्सिंगचे जास्तीत जास्त शंभर दिवस, त्यातले पहिले वीस पूर्ण, नंतर रोजचा काही भाग तुमचा, २०२५ मध्ये तो २०९.५० डॉलर होता. आणि ऑब्झर्व्हेशनवर (रीतसर दाखल न करता नुसतं देखरेखीखाली) ठेवलं असेल तर ते तीन दिवसांत धरतच नाहीत, बेड तोच, डॉक्टर तोच, तरी नाही. अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं एवढंच लागत असेल तर शून्य.

टॅक्सचं एक चांगलं आहे. टाइप ए मध्ये एंट्रन्स फीचा आणि मंथली फीचा काही भाग मेडिकल खर्च म्हणून धरता येतो, एजीआयच्या (टॅक्ससाठी धरतात त्या उत्पन्नाच्या) साडेसात टक्क्यांवर जे जाईल ते, आयटमाइझ करत असाल, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवून वजावट घेत असाल तर. आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) पब्लिकेशन ५०२ मध्ये आहे. किती टक्के ते कम्युनिटी पत्राने कळवते. घर विकलं त्याच वर्षी आत येत असाल तर सीपीएशी आधी बोला, नंतर नव्हे.

आता इथे राहण्याबद्दल. मेंटेनन्स उत्तम, बल्ब गेला तर फोन करायचा, त्याच दिवशी माणूस. जेवण ठीक. संध्याकाळी साडेचारलाच डायनिंग रूमबाहेर रांग लागते, देवळाबाहेर चपला असाव्यात तसे वॉकर उभे असतात आणि जेवून आल्यावर आपला कुठला ह्यावरून रोज एक वाद. जेवणाचे पैसे महिन्याअखेर उरले तर पुढे जात नाहीत, हे मला मान्य नाही, रेसिडेंट्स कौन्सिलमध्ये मी मांडलंय, ढिम्म. डॉक्टरकडे न्यायची व्हॅन ठरावीक वारीच, आणि स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट नेमकी दुसऱ्या वारी मिळते, मग उबर. आपल्यासारखी मंडळी जेमतेम, पण पत्त्यांच्या टेबलावर दोघांना जागा मिळाली, ही तर आता ब्रिजमध्ये मला ऐकत नाही.

एक गोष्ट अजून लोंबकळतीये. कॅम्पसवरच्या नर्सिंगमध्ये बेड रिकामा नसेल तर काय, हे काँट्रॅक्टमध्ये बघा. आमच्यात लिहिलंय की बाहेरच्या ठिकाणी ठेवतील आणि वरचा फरक ते भरतील, पण बेड झाला की परत किती दिवसांत आणतील ते नाही लिहिलेलं. वकिलाने तिथे खूण केली होती, त्यांनी बदलून दिलं नाही, तरी आम्ही सही केली कारण बाकी सगळीकडे ह्याहून वाईट होतं.

पाचपैकी चार. एक स्टार व्हॅनचा आणि जेवणाच्या पैशांचा मिळून कापला. वेटलिस्टवर नाव टाकायचं असेल तर डिपॉझिट बऱ्याच ठिकाणी परत मिळतं, दोन-तीन ठिकाणी टाकून ठेवा, आणि कोपऱ्यातलं अपार्टमेंट मागा, उजेड जास्त येतो.