१०,००० एमएमचं रेन जॅकेट आणि सह्याद्रीचा पाऊस

ब्रँड कुठला ते सोडा, हल्ली तीन-चार हजारांत जी अडीच लेयरची (वर कापड, आत कोटिंग नि त्यावर नुसता पातळ छापील थर, तो अर्धा) वॉटरप्रूफ जॅकेटं मिळतात त्यातलंच एक, लेबलवर ठळक १०,००० एमएम. अख्खा पावसाळा वापरलं, राजमाची, अंधारबन, कळसूबाई, आणि विचाराल तर जॅकेट चांगलंय, पण लोक ज्यासाठी घेतात त्यासाठी नाही.

तो आकडा म्हणजे काय, तर कापडावर दहा मीटर उंच पाणी उभं केलं तरी तोपर्यंत थेंब आत झिरपत नाही. पण ही टेस्ट नुसत्या कापडाची, शिवणीची नाही नि चेनची तर नाहीच. त्यामुळे दुकानात आधी जॅकेट उलटं करा आणि आतून सगळ्या शिवणींवर टेप मारलीय का बघा, काहींना फक्त खांद्यावर नि हुडला मारलेली असते आणि बाकीचं रामभरोसे. माझ्यावाल्याच्या शिवणी एकदम ओके. चेन मात्र गळते, समोरून वारा आला की छातीवर सरळ उभी ओली पट्टी, कारण चेनवरचा फ्लॅप जेमतेम बोटभर आणि त्याला वेल्क्रोपण नाही. हुडची दोरी खेचली की नीट बसतो आणि मान वळवली की सोबत वळतो, हे खरंच भारी, नाहीतर बऱ्याच हुडांत अर्धा डोळा झाकलेला असतो.

आता ब्रीदेबल, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड. आतली वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा कोरडी लागते ना, आणि आपल्याकडे जुलैत चढताना आपण ढगातच असतो, मग वाफ जाणार कुठे? अंधारबनला अर्ध्या तासात आतून चिंब, पावसाने नाही, घामाने. काखेत चेन असलेलं घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. मी तर चढताना सरळ भिजतो आणि माथ्यावर गेल्यावर सॅकमधून जॅकेट काढून घालतो. कळसूबाई १६४६ मीटर, वर वारा असा की ओल्या टीशर्टात दात वाजतात, तिथे हे अंगावर चढवलं की पाचेक मिनिटांत बरं वाटतं. पैसे वसूल होतात ते तिथे.

पोंचो (डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा रेनकोट) स्वस्त, सॅकपण झाकते, हवा खेळते, राजमाचीच्या वाटेला मस्त. पण कळसूबाईच्या शिड्यांवर वाऱ्याने तो तोंडावर येतो आणि पायरीच दिसत नाही, तिथे नकोच. (मावळात लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवरचं इरलं बघा, पाठ कोरडी आणि खालून सगळं मोकळं, ब्रीदेबल म्हणतात ते हेच 😄 पण ते घेऊन गड कोण चढणार.)

धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात टाकू नका, वरचं पाणी मोत्यासारखं घरंगळायचं बंद होतं आणि कापड पाणी प्यायला लागतं. आणि घरी आल्यावर ओलं तसंच गुंडाळून कपाटात टाकू नका, आतलं कोटिंग चिकट होऊन पापुद्रे सुटतात, मग शिवणी कितीही टेपलेल्या असूद्या, काही उपयोग नाही.

रेनपँट घेऊ नका, पातळ ट्रॅकपँट भिजते नि चालता चालता वाळतेपण, जीन्स मात्र चुकूनही नको. सॅकच्या कव्हरवरही विसंबू नका, पाणी पाठीकडून शिरतं, सुके कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा त्या चेनने खाल्ला.