राजारामपुरीतील एका प्रयोगशाळेत केलेली पुवाची तपासणी

नवी कोल्हापुरी चप्पल अंगठ्याजवळ चावली, भर पावसात तीच घालून हिंडलो आणि पाचव्या दिवशी त्या फोडात पू धरला, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पुवाची कल्चर तपासणी (जंतू वाढवून ओळखण्याची) करून घेतली. पुढे तक्रारही लिहायची असल्याने नाव देत नाही.

नमुना घेण्याची पद्धत मला विशेष आवडली. तंत्रज्ञ ताईंनी वरचा पू आणि सुटलेली खपली सलाइनने पुसून काढली आणि मगच निर्जंतुक स्वॅब जखमेच्या तळाशी फिरवला. वरवरचा पू घेतल्यास त्वचेवर एरवीच नांदणारे जंतू उगवतात आणि खरा अपराधी झाकला जातो, असे त्यांनी सांगितले. आदल्या दिवशी मी घरच्या डब्यातील उरलेल्या दोन अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या होत्या (हा शहाणपणा माझाच), तेही त्यांनी खोदून विचारून अर्जावर नोंदवले, कारण औषधाने दबलेले जंतू ते वाढवण्याच्या प्लेटवर न उगवल्यास अहवाल फसवा येतो.

ग्रॅम रंजनाचा (जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा) प्राथमिक अहवाल त्याच संध्याकाळी मिळाला. हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांची १८८४ सालची ही पद्धत अजूनही पहिली दिशा दाखवते : जांभळे, द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतू आणि भोवती पांढऱ्या पेशींचा खच. पू म्हणजे नुसती घाण, असा माझा समज होता. तो मुख्यतः जंतूंना गिळून मेलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा असतो, हे तेथील डॉक्टरांनी समजावले. चामड्याने कातडी सोलली तेव्हाच तटाला खिंडार पडले होते. पायाची लाली, ऊब आणि ठणका ही रक्तवाहिन्या रुंदावून पेशींची कुमक जखमेकडे येत असल्याची खूण होती, आणि जांघेत आलेले अवधाण म्हणजे पायाकडून येणारा लसिकाद्रव गाळणारी, कामाला लागलेली ग्रंथी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक काचनळी तिरकी करून दाखवली. आतला प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) दह्यासारखा विरजला होता. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कोॲग्युलेज नावाचे विकर सोडून असे गोठण घडवतो आणि त्या आवरणाआड पांढऱ्या पेशींपासून लपतो, म्हणूनच ती त्याची ओळखचाचणी ठरली आहे. औषधांच्या चकत्या ठेवलेली प्लेटही झाकणाआडून पाहिली : काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळे होती, म्हणजे तेथे औषधाने जंतू वाढू दिले नव्हते, पेनिसिलिनच्या चकतीला मात्र जंतू अगदी कडेपर्यंत भिडले होते. अहवालानुसार डॉक्टरांनी गोळी बदलली आणि आठवड्यात जखम भरत आली.

आता तक्रारी. ४८ तासांत देऊ म्हटलेला अंतिम अहवाल चौथ्या दिवशी हाती पडला, त्यातील ‘एस’ (औषध लागू पडते) आणि ‘आर’ (जंतू औषधाला दाद देत नाही) या अक्षरांचा अर्थ कोठेही छापलेला नव्हता आणि फोनवर सांगितलेल्या दरात औषध-संवेदनशीलतेची चाचणी धरलेलीच नव्हती. खोकणारे रुग्ण आणि लहान मुले एकाच बंद खोलीत बसतात आणि दाराजवळची सॅनिटायझरची बाटली दोन्ही खेपांना रिकामी होती, जे अशा ठिकाणी अक्षम्य आहे. कामात मी पूर्ण गुण देईन, व्यवस्थेत निम्मे. आणि पायाचे दुखणे असलेल्यांनी सोबत कोणाला तरी न्यावे, कारण प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर असून जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे.