माझीच माहिती त्याने मला विकली

छोट्या रेल्वेचे देखावे करणाऱ्या आणि त्यासाठी अनोळखी माणसाकडून जुना माल घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. गेल्या नोव्हेंबरात माझे ६१ हजार रुपये गेले. त्यातले २२ हजार मी राजीखुशीने, स्वतःच्या हाताने पाठवले. बाकीचे ३९ हजार खात्यातून ओढले गेले. इंजिन आलं नाही. मला फसवणारा माणूस थांबलेला नाही, हे मला नंतर कळलं, म्हणून काहीही न लपवता सांगतो.

मी ग्वाल्हेरचा, लश्कर नावाच्या भागातला. वडील जौऱ्याला शाळेत शिक्षक होते. सोमवारी पहाटे छोट्या लाईनने जायचे, शनिवारी संध्याकाळी परत यायचे. सुट्टीत आम्ही भावंडंही त्यांच्याबरोबर जायचो. शिंद्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी बघायला सगळं जग येतं. पण माधवराव महाराजांनी प्रजेसाठी जी गाडी सुरू केली ती ही. दोन फुटी रुळ, ग्वाल्हेर ते श्योपूर जवळजवळ दोनशे किलोमीटर, शेवटपर्यंत जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा निघालीच नाही. रुंद रुळांसाठी तिचे रुळ निघाले. ते निघताना मी सुमावली स्टेशनात उभा राहून पाहिले आहेत. त्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं, की हे स्टेशन मी करणार.

पुण्यात जानेवारीत छंदी लोकांची स्पर्धा होती. पाया ६० बाय ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको आणि गाडी निदान दोन मिनिटं चालती दिसली पाहिजे, अशा अटी होत्या. ही दुसरी अट पुढे माझ्या गळ्याशी आली.

बाजारात मिळणारे छोटे रुळ बहुतेक ९ किंवा १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, हे प्रमाण सगळ्यात चालू, पण त्यात आमचे दोन फुटी, ६१० मिलिमीटरचे रुळ बरोबर ७ मिलिमीटरचे होतात. ९ चा रुळ घेतला तर ती गाडी ग्वाल्हेरची राहत नाही, खरी रुंदी पावणेआठशे मिलिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे नागपूर-डभोईकडच्या अडीच फुटी लाईनसारखी होते. म्हणून मी १:६८ धरलं. ९ गुणिले ६८ म्हणजे ६१२. या प्रमाणाची माणसं, डबे, दिवे काहीही विकत मिळत नाही, सगळं हातानेच करावं लागतं. मला ते मान्य होतं. रुळ चुकले तर बाकी सगळं कितीही सुंदर असलं तरी ते आपलं स्टेशन नाही.

जमीन जौऱ्याच्या वाटेवरच्या घळींमधली, बेहडातली. खरी माती आणून उन्हात वाळवली आणि चहाच्या गाळणीतून तीनदा गाळली. थर्माकोल कोरून घळी केल्या, वर प्लास्टर, त्यावर माती. रुळांमधली खडी बसवायची तर आधी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी शिंपडायचं, मग पातळ केलेलं फेविकॉल ड्रॉपरने थेंबथेंब सोडायचं. साबण नसेल तर फेविकॉलचा थेंब वरच गोळा होऊन बसतो आणि खडी विस्कटते. झुडपं दोडक्याच्या जाळीची, गवत सुतळीचं. टपावर बसलेली माणसं तांब्याच्या तारेवर एम-सील चढवून केली, एकूण ७४. पुरा माणूस २५ मिलिमीटर उंच. डब्याच्या दारात वडील उभे केले. चष्म्यासाठी वायरमधली एक केसाएवढी तार वळवली आणि खांद्याला चहाच्या पुडीच्या कागदाची पिशवी अडकवली. त्या एका माणसाला चार संध्याकाळी लागल्या.

इंजिनाचा सांगाडा मात्र मला जमत नव्हता. ९ मिलिमीटरवर धावणारं, हळू आणि गचके न देता चालणारं यंत्र हवं होतं. बाहेरून मागवायचं तर वेळ उरला नव्हता. आमच्या छंदाच्या व्हॉट्सॲप गटात मी देखाव्याचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, की इंजिन अडलंय, कुणाकडे आहे का.

दुसऱ्या दिवशी एकाचा खाजगी निरोप आला. शुद्ध मराठीत. “काका, नमस्कार. तुमचे वडील दारात उभे आहेत तो फोटो आईला दाखवला, तिला रडू आलं. माझे बाबा छोट्या लाईनचे ड्रायव्हर होते.” ग्वाल्हेरात आम्ही दिवसभर हिंदीत वावरतो. परक्याच्या तोंडून ‘काका’ आणि सरळ मराठी ऐकली की आमची माणसं दार उघडतात, मीही उघडलं.

तीन-चार दिवस तो नुसता बोलत होता. पैशाचं नावही काढलं नाही. त्याने मला खूप विचारलं. कुठली स्टेशनं, टपावर लोक कसे बसायचे, सबळगडला गाडी किती वेळ थांबायची, तुमच्या देखाव्याचं प्रमाण काय, रुळ किती मिलिमीटरचे, स्पर्धा कधी, अटी काय. मला वाटलं, पोरगा बापाच्या आठवणींत रमला आहे. मी रात्री जागून लांबलांब उत्तरं लिहायचो. मग एके दिवशी तो म्हणाला, की बाबांनी निवृत्तीनंतर हाताने एक इंजिन केलं होतं, ९ मिलिमीटरच्या रुळावर चालतं, बाबा गेल्यापासून कपाटात आहे. आई म्हणते चांगल्या हाती जावं. आणि बाबांची गोष्ट सांगू लागला: सबळगडला गाडी थांबली की लोक टपावरून उतरून पाणी प्यायचे, गार्ड ओरडायचा.

हे मीच त्याला तीन दिवसांपूर्वी लिहिलं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. मी तेव्हा ते वाचून हेलावलो. आता तो सगळा संवाद पुन्हा वाचला तेव्हा दिसलं, की छोट्या लाईनबद्दल त्याने मला सांगितलेली एकही गोष्ट अशी नव्हती, जी मी त्याला आधी सांगितली नव्हती. तुमच्याशी कुणी असं बोलत असेल तर मागे जाऊन बघा. खऱ्या ड्रायव्हरच्या मुलाला अशी एखादी तरी गोष्ट माहीत असते, जी तुम्हाला माहीत नाही.

फोटो आला. निळ्या भिंतीसमोर ठेवलेलं इंजिन, डाव्या कोपऱ्यात स्टीलचा पेला. काम फारच सुरेख. बाजूच्या पाटीवर अक्षरं होती झेडडीएम. इथेच मी थांबायला हवं होतं. आपल्या रेल्वेच्या इंजिनांच्या नावातलं पहिलं अक्षर रुळांची रुंदी सांगतं. ७६२ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच फुटी रुळांना झेड. सातपुड्यातली नागपूर-छिंदवाडा लाईन किंवा बडोद्याकडचं डभोई हे झेडचं राज्य होतं. माथेरान, दार्जिलिंग आणि आमची ग्वाल्हेरची लाईन दोन फुटी, तिथे एन. आमच्याकडे एनडीएम-५ धावायची. ग्वाल्हेरला आयुष्य काढलेला ड्रायव्हर स्वतःच्या हाताने केलेल्या इंजिनावर झेड लिहिणार नाही.

मला ते दिसलं. मी विचारलंही. पण त्याला उत्तर द्यायची वेळच आली नाही, कारण मीच पुढे लिहिलं, “बाबा आधी नागपूरकडे होते का?” तो म्हणाला, “हो काका, बरोबर ओळखलंत.” प्रमाण विचारलं तेव्हा म्हणाला, “तुम्ही वापरता तेच, १:६८.” हे प्रमाण जगात मोजके लोक वापरतात, आणि त्याच्या वडिलांनीही नेमकं तेच धरलं, यात मला शंका यायला हवी होती. मला आनंद झाला.

स्पर्धेला सहा आठवडे उरले होते. किंमत २२ हजार ठरली, असं हाताने केलेलं काम पाहता स्वस्तच. मंगळवारी ७ हजार पाठवले. शुक्रवारी त्याने बांधलेल्या खोक्याचा आणि कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवला, मी उरलेले १५ हजार दिले. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव वेगळंच होतं. “आईचं खातं आहे,” तो म्हणाला. नाव पुरुषाचं होतं. पाठवायचं बटण दाबण्याआधी फोन ते नाव स्वच्छ दाखवतो. मी ते वाचलं आणि दाबलं.

सोमवारी कुरिअरच्या नावाने निरोप आला. पत्ता अपुरा आहे, पार्सल गोदामात अडकलंय, खालच्या लिंकवर पाच रुपये भरून पत्ता दुरुस्त करा. लिंक उघडली तर एक ॲप उतरवून घ्यायला सांगितलं. मी उतरवलं. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. पाच रुपयांसाठी पिन मागितला, टाकला. अकरा मिनिटांत आधी २५ हजार गेले, मग १४ हजार. ओटीपीचे मेसेज मला दिसलेच नाहीत, ते ॲपच वाचत होतं. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज बायकोच्या फोनवर आला, कारण खातं दोघांचं आहे. ती स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, हे पंचवीस हजार कुणाला दिलेत?”

मी तोपर्यंत त्या मुलालाच फोन लावत होतो. माझ्या मनात अजून कुरिअरवाला चोर होता आणि मुलगा खरा होता. त्याला सावध करायला हवं असं वाटत होतं. फोन बंद लागला तेव्हासुद्धा मला त्याच्या आईची काळजी वाटली.

मुलीने फोन हातातून घेतला आणि १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाईन नंबर. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, बँक एवढं हाताशी ठेवून फोन करावा, ते लगेच विचारतात. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवलं जातं आणि पैसे पुढे सरकले नसतील तर तिथेच अडवले जातात. आमचे १४ हजार असे अडवले गेले. २५ हजार तोवर पुढच्या खात्यात आणि तिथून आणखी पुढे गेले होते. त्याच संध्याकाळी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लेखी तक्रार केली, फोन दुकानात नेऊन कोरा करवला आणि दुसऱ्या दिवशी बँकेत अर्ज दिला.

बँकेत एक गोष्ट कळली ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते ग्राहकाचं नुकसान, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून त्या मुलाला फोन करण्यात घालवलेली मिनिटं मला महाग पडली. आधीच्या २२ हजारांना तर हे लागूच नाही, ते मी स्वतः पाठवले होते. ती फसवणूक आहे आणि तिची पोलिसांत वेगळी तक्रार करावी लागली. पोलिसांना मी संपूर्ण संवाद छापून दिला. आपण चिडून संवाद पुसून टाकतो, तसं अजिबात करू नका.

पंधरा दिवस मी देखाव्यावरचा कपडा काढला नाही. मग मुलीने तो निळ्या भिंतीचा फोटो नेटवर शोधला. फोटोवरून फोटो शोधायची सोय असते आणि ती फुकट आहे. मी पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढली असती तर तेव्हाच कळलं असतं. फोटो विदर्भातल्या एका वयस्कर गृहस्थांचा निघाला. इंजिन त्यांनी नागपूरच्या लाईनचं म्हणूनच केलेलं, झेडडीएम, अगदी बरोबर. प्रमाण १:८७. ते कधी विकायला काढलेलंच नव्हतं. मी त्यांना सगळं लिहून कळवलं. त्यांचा फोन आला, आवाज कापत होता. त्यांच्या इंजिनासाठी पैसे भरलेला मी तिसरा माणूस होतो.

त्यांनाच मी विचारलं, की अशा वेळी काय मागावं. ते म्हणाले, वस्तू ज्याच्या हातात आहे त्यालाच जमेल असं काहीतरी मागावं. ‘आणखी फोटो पाठवा’ म्हटलं तर तो आणखी चोरतो. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावून चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजायला सांगा, ९ मिलिमीटरच्या रुळावर ते साडेसातच्या आसपास येतं. किंवा इंजिन उलटं करून, शेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला या कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि रागही येत नाही. इंजिन व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवायला सांगितलं असतं तर त्या ठकाचं नेटवर्क त्याच दिवशी गेलं असतं.

स्पर्धेला मी देखावा पाठवला नाही. चालत्या गाडीची अट होती, आणि उसनं काही रुळांवर ठेवून सुमावली म्हणून दाखवणं मला पटलं नाही. यंत्र आता रीतसर दुकानातून मागवलं आहे, आल्यावर लोक पाहतील तेव्हा पाहतील.

परवा त्या गृहस्थांचा निरोप आला. मी काही मागितलं नव्हतं. फोटो होता, तीच निळी भिंत, तोच स्टीलचा पेला. इंजिन उलटं ठेवलेलं, चाकांच्या मधे व्हर्नियरचे दोन दात, आकडा ७.५. शेजारी वहीच्या पानावर थरथरत्या अक्षरात तारीख आणि माझं नाव.