जुना मराठी चित्रपट स्वच्छ करून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा करायचाय? कुठली वाट धराल?

आधी हक्कांचं बघा. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘श्यामची आई’ (१९५३) हे दोन्ही भारतात मोकळे आहेत. पण अमेरिकेच्या कायद्याने १९४१ आणि त्यानंतरच्या आपल्या चित्रपटांचे हक्क प्रदर्शनापासून ९५ वर्षं जिवंत राहतात. इंटरनेट आर्काइव्ह (जुन्या चित्रपट-पुस्तकांचा फुकट ऑनलाइन साठा) काय, यूट्यूब काय, दोन्ही अमेरिकेतलेच. त्यामुळे पहिल्यांदा हात घालताय तर ‘तुकाराम’च्या काळातलाच चित्रपट घ्या. गाणी मात्र चित्रपटातून सुटी करून वेगळी चढवू नका. ‘तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ अनेकांना तुकोबांचा अभंग वाटतो. पण शब्द गीतकार शांताराम आठवले यांचे आहेत. ते १९७५ साली गेले, म्हणजे त्या शब्दांवरचा हक्क २०३५ अखेरपर्यंत आहे.

आता रीळ की डीव्हीडी? रिळाच्या चांगल्या स्कॅनची सर कशालाच नाही. पण १९५०च्या आसपासपर्यंतची बरीच रिळं नायट्रेटची, म्हणजे भडकून पेटणारी. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत असा केवढा ठेवा गेला, त्यात ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या ‘प्रभात’ कंपनीची रिळंही होती. घरात असं रीळ सापडलं तर प्रोजेक्टरवर चढवू नका. थंड जागी, ठिणगीपासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

आपल्यासारख्यांच्या हाती बहुधा डीव्हीडी नाहीतर व्हीसीडीच येते. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, व्हीसीडीचं ३५२ बाय २८८, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. तरी व्हीसीडी फेकू नका. डीव्हीडीत कापलेला प्रसंग कधीकधी तिच्यात शाबूत असतो. तेवढाच तुकडा तिच्यातून घ्या.

सफाई हाताने करावी की एआयने? माझा कौल हाताच्या बाजूने. दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० फ्रेम असतात, सगळ्या घासणं शक्यच नाही, म्हणून मोजकंच करा. थरथर थांबवा, प्रकाशाची उघडझाप कमी करा, आवाजातली खरखर थोडीशीच उतरवा. एआय ओरखड्यांबरोबर त्वचेचा पोतही पुसतं. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत होणार असेल, तर ओरखडे परवडले.

टाकायचं कुठे? प्रेक्षक यूट्यूबवर आहे, हे खरंच. पण तिथे फाइल पुन्हा दाबून लहान केली जाते, आणि गाण्याच्या एका तुकड्यावरून आपोआप हक्काचा दावा येऊ शकतो. आर्काइव्हवर मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि उतरवून घेता येते. उद्या कुणाला जास्त चांगली प्रत मिळाली तर तो तुमच्या कामावरून पुढे जाऊ शकतो. म्हणून मुख्य प्रत आर्काइव्हवर ठेवा, यूट्यूबवर दुवा द्या. सफाईआधीची प्रतही शेजारी चढवा, आणि कुठला प्रसंग कुठल्या डिस्कमधून घेतला ते वर्णनात लिहा. डीव्हीडी कंपनीची सबटायटल्स उचलू नका, ती त्यांची आहेत.