पिल्लाच्या वजनासाठी किचनचा डिजिटल काटा: पावसाळा ते होळी, वापरानंतरचा अनुभव

हा काटा पीठ-साखर मोजायला घेतलेला नाही, मांजराचं पिल्लू मोजायला घेतलाय. पाच किलोपर्यंत चालतो, एक ग्रॅमचा फरक दाखवतो, वरून सपाट, बटणं दोनच. असले काटे दहा नावांनी मिळतात आणि आत माल बहुतेक एकच असतो, म्हणून कंपनीचं नाव लिहीत बसत नाही. चारशेच्या आत पडला. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

पिल्लू वडगावातल्या एका मागाच्या शेडमधलं. आई परत फिरकलीच नाही, आणि जुलैत बेळगावची झड लागली की माणसं कुडकुडतात, तिथं ह्या जिवाचं काय. डोळे उघडलेले, निळे, पुढचे दात नुकते बोटाला लागायला लागलेले. त्यावरून डॉक्टरांनी तीन आठवड्यांची भाटी ठरवली. बेळगावच्या कुंद्याच्या, म्हणजे खव्याच्या मिठाईच्या, रंगावरून नाव पडलं कुंदा. काट्यावर भरली २९० ग्रॅम. जन्मताना पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि पुढं दर आठवड्याला साधारण तेवढीच भर पडते. म्हणजे साडेतीनशे-चारशे हवी होती, पोरगी मागं होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच: रोज वजन करा आणि लिहून ठेवा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला पाहिजे. एखाद दिवस थांबली तर बघू, पण घटली तर उद्यावर टाकू नका.

वजन करायची आमची पद्धत ठरून गेली. सकाळी, शी-शू झाल्यावर, दूध पाजायच्या आधी. काट्यावर उभट डबा, त्यात जुन्या साडीचा तुकडा, मग बटण दाबून शून्य, मग कुंदा. कापड हवंच, नाहीतर गार स्टील लागलं की ती डब्याच्या कडेला लोंबकळते आणि आकडा नाचायला लागतो. आकडा धरून ठेवायची सोय ह्या काट्यात नाही. परत परत येणारा आकडा खरा मानायचा आणि लगेच भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लिहायचा. शेजारच्या काकूंनी खिडकीतून बघून विचारलंच, ‘काय गं, मांजर विकायलीस काय?’

चेष्टा सोडा, पण ह्या काट्याची किंमत वसूल झाली ती जुलै संपता संपता. कुंदाचं पोट टम्म दिसायला लागलं. येणारा-जाणारा म्हणायचा, छान गुबगुबीत झालीय की. कालनिर्णयात मात्र ४१०, ४१२, ४१२, ४०९. हात फिरवला तर पोट गोल आणि पाठीचे मणके बोटाला टोचायचे. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, जंत. हे जंत आईच्या दुधातूनच पिल्लात उतरतात, त्यामुळे घराबाहेर पाय न टाकलेल्या पिल्लालाही होतात. औषधाचा डोस वजनावर असतो. त्यांनी वजन विचारलं तेव्हा अंदाजपंचे काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी शीमध्ये शेवयांसारखे पांढरे जंत पडले आणि त्यानंतर आकडा रोज बारा-चौदानं सरकायला लागला. पुढचे डोस दर दोन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी नव्या वजनावर.

आठ आठवड्यांना ८०० ते ९०० ग्रॅम धरतात. कुंदा सातशेच्या थोडी पुढं होती. मला घोर लागला होता, डॉक्टरांना नाही. ‘आकडा चढताच आहे नव्हे? मग गप्प बसा,’ म्हणाले आणि पहिली लस टोचली.

दुधाचं थोडं सांगायला हवं, कारण वजनाचा घोळ बहुतेक तिथंच असतो. गाईचं दूध नाही. त्यात साखर जास्त आणि प्रथिनं मांजरीच्या दुधाच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे जुलाब लागतात आणि आहे ते वजनही जातं. पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, ती कोमट पाण्यात. पाजताना पिल्लू पोटावर, बाळासारखं उताणं धरायचं नाही, दूध फुफ्फुसात जातं. आणि अंग गार असेल तर आधी ऊब, मग दूध.

ह्या पावडरीवर काट्याचा एक तारा गेला. एक ग्रॅमचा काटा दोन-तीन ग्रॅम पावडर मोजायला कुचकामी. चिमूट चिमूट टाकली तर आकडा शून्यावरच बसून राहतो, कारण अगदी बारीक बदल तो स्वतःच शून्य समजून टाकतो. डब्यासोबतचा चमचाच बरा. दुसरी कटकट, दोन मिनिटांत आपोआप बंद होतो. कुंदाला डब्यात बसवेपर्यंत विझला की शून्य गेलं, परत पहिल्यापासून. तिसरी गोष्ट काट्याची नव्हे, आमच्या घराची: शहाबादी फरशी सपाट नसते. चार कोपऱ्यांवर चार आकडे येतात, म्हणून ओट्यावरच ठेवते. काटा बरोबर दाखवतोय का ह्याची शंका आली तर नंदिनी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी ठेवून बघा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, त्यामुळं ५१५ आणि वर पिशवीचे दोन-चार ग्रॅम यायला हवेत. निपाणीकडचे गोकुळची ठेवतील, हरकत नाही.

दात आल्यावर पिल्लांचं खाणं सुरू केलं. आमच्याकडं मांजर म्हणजे दूध-चपातीवर वाढणारं, आणि सासूबाईंचा आग्रहही तोच. पण मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं, चपातीत नाही. ते कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आणि तिथून कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं. सासूबाईंना हे सगळं सांगितलं नाही. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा बशीत वाढायला त्यांनाच दिला, तेव्हापासून चपातीचं नाव नाही.

तीन महिन्यांनंतर रोजचं वजन बंद, आठवड्यातून एकदा. चार-पाच महिन्यांपर्यंत महिन्याला साधारण साडेचारशे ग्रॅम वाढ धरायची, सहा महिन्यांनंतर वेग आपोआप मंदावतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. नसबंदीचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. त्यानंतर भूक तीच आणि गरज कमी, त्यामुळं आता काटा उलट्या कामाला, कुंदाचं कोरडं खाणं मोजायला. ह्या कामात मात्र तो एकदम चोख.

आता ती तीन किलोला टेकलीय आणि डब्यात मावत नाही. बाथरूमच्या वजनकाट्यावर तिला घेऊन उभं राहून आपलं वजन वजा करता येतं, पण तो शंभर ग्रॅमच्या खालचा फरक दाखवत नाही, पिल्लाला अजिबात नको. नवीन घेणार असाल तर खोलगट भांड्याचा आणि दहा किलोचा बघा, थोडे पैसे जास्त जातील. मोठं मांजर असेल आणि तब्येत ठीक असेल तर काट्याची गरजच नाही, बरगड्या हाताला लागतात का तेवढं बघा: सहज लागाव्यात, पण दिसू नयेत.