चार पायपांचा कूलर घेतला: पाईप एक नंबर, पंखा पिठाच्या गिरणीसारखा

नागपूरचा मे महिना, त्यात व्हिडिओ रेंडरला लावला की कॉम्प्युटरचा प्रोसेसर 95 डिग्रीला टेकायचा, म्हणून शेवटी त्याच्यासोबत आलेला बारका कूलर काढला आणि चार हीट पाईपवाला टॉवर कूलर बसवला. आता तेच काम 75 च्या आसपास होतं. पैसे वसूल.

कमाल सगळी पायपांची आहे. दिसायला नुसती तांब्याची नळी, पण आत हवा काढून थेंबभर पाणी भरलेलं असतं, प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते (हवा नसल्यामुळे 100 डिग्रीची वाट बघावी लागत नाही), ती वाफ दुसऱ्या टोकाच्या, पंख्यासमोरच्या पातळ पत्र्यांकडे धावते, तिथं पुन्हा पाणी होतं आणि आतल्या भिंतीवरचा तांब्याच्या भुकटीचा थर ते वातीसारखं परत ओढून आणतो. ना पंप ना मोटर, बिघडणार काय! जुन्या लॅपटॉपमधली असलीच नळी मी उकळत्या चहात धरून बघितली, दोन-तीन सेकंदात वरचं टोक सोडून द्यावं लागलं.

ही नळी 1963 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अॅलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी करून दाखवली आणि 1968 च्या जिओस-2 उपग्रहात ट्रान्सपॉन्डरांचं (सिग्नल घेऊन उलट पाठवणाऱ्या यंत्रांचं) तापमान सारखं ठेवायला वापरली पण गेली. वर हवाच नाही तर पंखा काय कामाचा, उष्णता रेडिएटरपर्यंत (उष्णता बाहेर फेकणाऱ्या पत्र्यापर्यंत) न्यायची आणि तिथून अवकाशात सोडायची, एवढंच हातात. तिथं पाणी गोठेल म्हणून अॅल्युमिनियमच्या नळीत अमोनिया असतो, आणि वजनाची भानगड नसल्यामुळे वातीऐवजी आतल्या बारीक खाचा पुरतात. तीच नळी जमिनीवर तपासताना मात्र एकदम लेव्हलमध्ये आडवी ठेवावी लागते, जरा तिरकी झाली की अमोनिया खालच्या टोकाला जाऊन बसतो.

आपल्याकडे अडचण वेगळी. उष्णता काही गायब होत नाही, प्रोसेसरमधली खोलीत येते आणि मग मीच घामाघूम. पंखा फुल स्पीडला गेला की बायको दार लावून घेते. क्लिपा बसवायला मदरबोर्ड बाहेर काढावा लागला, कागदावरची चित्रं बघून काही म्हणजे काही कळत नाही.

5 पैकी 4. आणि बुडाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म आधी काढा रे बाबांनो, मी विसरलो आणि तासभर कूलरलाच शिव्या घालत बसलो.