दावीद आणि अहाब : दोन राजांचा पश्चात्ताप

बायबलमधील इस्राएलचा राजा दावीद याने बथशेबेसाठी तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, काटा काढला, आणि तोही सेनापती यवाबाला लिहिलेले मृत्यूचे पत्र उरीयाच्याच हाती देऊन. पुढच्या काळातील इस्राएलचा राजा अहाब याच्यासाठी त्याची राणी ईजबेल हिने राजाची मोहर वापरून खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथ नावाच्या माणसाला ठार करवले आणि त्याचा द्राक्षमळा बळकावला. नाथान संदेष्ट्याने खडसावताच दावीदाने सरळ कबुली दिली, तरी त्याचे तान्हे मूल सातव्या दिवशी दगावले आणि पुढे त्याचा मुलगा अबशालोम याने बंड केले. एलीया संदेष्ट्याचे शब्द ऐकून अहाबानेही गोणपाट नेसून उपास केला, तेव्हा घराण्यावरचे अरिष्ट मुलाच्या कारकिर्दीपर्यंत पुढे ढकलले गेले. अहाब स्वस्तात सुटला असे वाटते खरे. पण त्याने मळा परत केल्याचा उल्लेख नाही, आणि मीखाया संदेष्ट्याने लढाईत हार होईल हे सत्य सांगितल्यावर त्याने त्याला तुरुंगात टाकले. नाथान मात्र दावीदाच्या म्हातारपणापर्यंत दरबारात होता.